धनुष्याच्या पोटाला आच देताना

आपण हिकरी या चिवट, कठीण लाकडाचे धनुष्य घडवत आहात, म्हणून एक आग्रह धरतो: आच केवळ पोटाला, म्हणजे ओढताना आपल्याकडे असणाऱ्या बाजूलाच द्यावी, कारण उष्णतेने लाकूड दाब सोसण्यास कणखर होते, पण ठिसूळही होते, आणि ताण सोसणारी पाठ भाजली गेल्यास ती तडकते. लाकूड आधी पुरते वाळलेले हवे. ते साच्यावर घट्ट आवळून हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे हत्यार) सुमारे १० सेंटिमीटरवर धरावी आणि रंग कॉफीसारखा तपकिरी होईपर्यंत इंचाइंचाने पुढे सरकावे; घाई केल्यास वरचा थर करपतो, आतले लाकूड मात्र कच्चेच राहते. त्यानंतर किमान आठवडाभर धनुष्य वाकवू नये, कारण उडून गेलेला ओलावा हवेतून हळूहळू परत मुरावा लागतो. माझे पहिले धनुष्य तिसऱ्याच दिवशी ओढल्याने मोडले, त्याची हळहळ अजून वाटते.