आजीची निलगिरी, सूनबाईंची हरकत

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाला सर्दी झाली की मी उशीवर निलगिरीचे तेल टाकते, गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधते. सून नको म्हणते. आमची मुलं तर अशीच वाढली! – एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, या वादात आम्ही सूनबाईंकडून. निलगिरीतले सिनिओल आणि कापूर नाकाला गारवा जाणवून देतात, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. चोंदलेपणा तेवढाच राहतो. मोठ्यांना एवढा आरामही पुरतो. लहानग्यांच्या मेंदूवर मात्र ही द्रव्ये पटकन परिणाम करतात, आकडीही येऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी, छातीला किंवा उशीला यातले काही नको. पुरचुंडीत आणखी एक भीती: कापूर तोंडात जातो, दोरा गळ्याला आवळतो. नाक चोंदले तर दूध पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घाला.

आणि बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. घाईत तेच पाजले जाते, आणि चमचाभर, म्हणजे ५ मिली, तेलही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पोटात गेलेच तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. मूल खेळतेय म्हणून थांबू नका, आकडी नंतरही येते.

प्रश्न : लॅव्हेंडर तेलावर ‘थेरप्युटिक ग्रेड’ असे छापले आहे. हे सरकारमान्य असते का? मालिशसाठी खोबरेलात किती घालावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : अशी कोणतीही सरकारी प्रत नाही, तो जाहिरातीचा शब्द आहे. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक, मुदत बघा. प्रसाधन म्हणून विकायचे तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली उत्पादन परवाना लागतो, त्याचा क्रमांकही शोधा. ‘फक्त सुगंधासाठी’ असे लिहिले असेल तर ते अंगाला लावू नका. तेलाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने बंद आहे. दिसली तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.

३० मिली खोबरेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. चेहऱ्यासाठी ६ पुरेत. आधी कोपराच्या खळग्यात लावून २४ तास थांबा. तेल लोणच्यासारखे मुरत नाही: हवा लागून लॅव्हेंडरमधले लिनालूल बिघडते आणि तेच पुढे पुरळ उठवते. बूच घट्ट लावा, बाटली अंधारात ठेवा. सालीतून दाबून काढलेले लिंबाचे तेल लावले असेल तर १२ तास त्या जागी ऊन लागू देऊ नका, काळे डाग पडतात.