वसुलीला पाठवताय की नोकरीला?

(पत्र नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या एका वाचकांचं आहे. स्वतःचे तीन ट्रक आहेत. मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला, ७१ टक्के. त्याने बी.कॉम. करता करता एमपीएससीचा क्लास लावावा आणि ‘आरटीओ साहेब’ व्हावं, असं वडिलांनी पक्कं केलंय. क्लास चांगला कोणता, एवढंच त्यांनी विचारलंय.)

नमस्कार भाऊ,

क्लासचं नंतर बघू. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ते वाचून मी थांबलो. तुम्ही लिहिलंय, ‘वीस वर्षं आम्ही बाहेरून देत आलो, आता आपला माणूस आत बसला पाहिजे.’

तुमचा राग मला कळतो. पासिंगला गाडी उभी केली की त्या दिवसाचा धंदा बुडतो, ड्रायव्हरचा भत्ता चालूच राहतो, वर कुणीतरी कागदात खोट काढतो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हे कुणाला चुकलेलं नाही. पण हा हिशेब तुमचा आहे, पोराचा नाही. तो तुम्ही एका १८ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवताय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका: तुम्ही मुलाला वसुलीला पाठवताय आणि त्याला करिअर म्हणताय.

शिवाय ही वसुली आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. लर्निंग लायसन्स घरबसल्या निघतं. आपल्या नाशिकमध्येच गाड्यांच्या तपासणीचं स्वयंचलित केंद्र आहे, तिथे ब्रेक किती धरतो ते मशीन सांगतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. कुणी जबरदस्तीने द्यायला लावली, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच सुटका. घेणाऱ्याला किमान तीन वर्षं कैद. सापळ्याच्या बातम्या तुम्हीही पेपरात वाचताच. त्या बातमीत नाव येतं ते नोकरी करणाऱ्याचं, त्याला तिथे बसवणाऱ्या बापाचं नाही.

आणि ‘आत बसणं’ म्हणजे काय, हेही जरा बघा. मोटार वाहन निरीक्षक टेबलापाशी जितका असतो तितकाच रस्त्यावर. वायुवेग पथकात, म्हणजे आरटीओच्या फिरत्या तपासणी पथकात, रात्री महामार्गावर उभं राहायचं, ओव्हरलोड ट्रक वजनकाट्यावर न्यायचा, आणि अपघात झाला की गाडीखाली वाकून ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासून अहवाल द्यायचा. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट आठवा. छत्रपती संभाजीनगर रोडवर मिरची चौकात खासगी बस पेटली आणि १२ माणसं गेली. तुमच्या घरापासून ते ठिकाण काही लांब नाही. अशा जळून कोळसा झालेल्या सांगाड्यापाशी उभं राहून नोंदी घेणं हेसुद्धा याच नोकरीत येतं. ज्याला यंत्र कळतं आणि ज्याला ही जबाबदारी पेलते, त्याच्यासाठी नोकरी उत्तम आहे, मी तिला नावं ठेवणार नाही.

आता गैरसमज. ‘कुठलीही डिग्री घे आणि एमपीएससी दे’ हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. इथे ते चालत नाही. सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायला मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, नाहीतर त्यावरचं शिक्षण लागतं. सोबत गाडीचं लायसन्स लागतं आणि रंगदृष्टी निर्दोष लागते. एमपीएससीच्याच राज्यसेवा परीक्षेतून सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी होता येतं, पण तिथेही पदवी अभियांत्रिकीची, किंवा भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञानाची हवी. म्हणजे तुमचा मुलगा बी.कॉम.ला पहिला आला तरी या दोन्ही पदांचा फॉर्म त्याला भरता येणार नाही. क्लासवाल्याने हे सांगितलं नसेल. त्याला फी हवी आहे. मुलाला खरंच इंजिनात रस असेल, तर दहावीच्या मार्कांवर सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला पहिल्या वर्षापासून बसता येईल. तीन वर्षं जातील, एकविशीत तो मोकळा होईल. पण हे त्याने मागितलं तर. आणि सरकारी वाहतूक खातंच हवं असेल, तर रेल्वेच्या एनटीपीसी (तांत्रिक नसलेल्या पदांच्या) परीक्षेतून स्टेशन मास्तर किंवा मालगाडीचा ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गार्ड, व्हायला कुठलीही पदवी चालते.

पण पत्रातली दुसरी एक जागा मला जास्त महत्त्वाची वाटली. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की पोरगा दिवसभर मोबाइलमध्ये असतो. पुढे दोन ओळींनी तुम्हीच लिहिता की मागच्या वर्षी एका गाडीचं परमिट त्याने एजंटाशिवाय रिन्यू केलं, मालासोबत लागणारी जीएसटीची ई-वे बिलं तोच काढतो, आणि डिझेलच्या पावत्या महिनावार मांडून एक गाडी ॲव्हरेज कमी देतेय हे त्यानेच पकडलं. भाऊ, ज्या पोराने न सांगता डिझेलची गळती शोधली, त्याला तुम्ही ‘काहीच बोलत नाही’ म्हणता! तो बोललाय, पावत्यांमधून. आणि कॉमर्स त्याने चुकून घेतलेलं दिसत नाही.

हे डोकं लॉजिस्टिक्सचं, म्हणजे मालवाहतुकीच्या नियोजनाचं आहे. आणि नाशिकसारखं गाव त्यासाठी शोधून सापडणार नाही. निफाड-दिंडोरीची द्राक्षं रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने न्हावा-शेव्याच्या बंदरात जातात, लासलगाव-पिंपळगावचा कांदा देशभर जातो, सातपूर-अंबडमधून गाड्यांचे सुटे भाग निघतात. या सगळ्यामागे कुणीतरी गाडी लावतो, भाडं ठरवतो, कस्टमचे कागद करतो. बी.कॉम. करू द्या, किंवा लॉजिस्टिक्सचं बीबीए, दोन्ही चालेल.

तोपर्यंत एमपीएससीच्या क्लासची फी भरू नका. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू होईल, तेव्हा ओळखीच्या एखाद्या फॉरवर्डरकडे, म्हणजे निर्यातीच्या मालाची वाहतूक आणि कागद सांभाळणाऱ्याकडे, त्याला महिनाभर बिनपगारी बसवा. आणि त्याआधी तुमच्या तीन गाड्यांची वही त्याच्या हातात द्या, भाडं ठरवायचा अधिकारही द्या. एखाद्या फेरीत तोटा झाला तर ओरडू नका.