अर्जात ‘सर्व सोयी’ लिहू नकोस

प्रिय पोरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची अर्जाची झेरॉक्स, दोन्ही मिळालं. पत्र वाचून बरं वाटलं, अर्ज वाचून नाही. रागावू नकोस. रेल्वेच्या बांधकामाकडे उभी नोकरी काढलेल्या माणसाला कागद हातात घेतला की कळतं, हा कोणत्या कपाटात जाऊन पडणार.

‘आमच्या स्टेशनवर दिव्यांग प्रवाशांची फार गैरसोय होते, तरी सर्व सोयी तातडीने उपलब्ध करून द्याव्यात.’ खाली शंभरावर सह्या. यावर कारकून लिहिणार, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्याने कार्यवाही करण्यात येईल.’ उत्तर गेलं, फाईल बंद. अशी उत्तरं मी स्वतः लिहिली आहेत. सर्व सोयी मागणाऱ्याला काहीच न देता वाटेला लावणं फार सोपं असतं. ‘फलाट एकच्या रॅम्पच्या तोंडाशी ठोकलेल्या दोन खांबांत ६० सेंटीमीटरची फट आहे, व्हीलचेअर आत जात नाही, एक खांब काढावा’ असं लिहिलंस की त्याला टप्प्याटप्प्याने कसा काढणार?

आणखी एक. पाकिटावर तू नुसतं ‘डीआरएम, नागपूर’ लिहिलंस. नागपुरात डीआरएम, म्हणजे रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक, दोन आहेत. एक मध्य रेल्वेचे, त्यांचं मुख्यालय मुंबईला. दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे, त्यांचं मुख्यालय बिलासपूरला. आपली गोंदिया-नागभीड लाईन दुसऱ्यांची. बल्लारशाला उतरलीस की ते स्टेशन पुन्हा पहिल्यांचं. वाशिमची असतीस तर नांदेडला लिहावं लागलं असतं. तीन महिने उत्तर नाही म्हणतेस, तर अर्ज आधी योग्य दारी पोचला का तेवढं बघ.

आता एक गोष्ट सांगतो. मी ती फारशी कोणाला सांगत नाही.

मुख्यालयाचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. हाती बारा दिवस. करायच्या कामांच्या यादीत ‘अपंगांसाठी रॅम्प’ होता. फलाट बाहेरच्या रस्त्यापासून ७५ सेंटीमीटर उंच. नियम तुला ठाऊक असेल, एकास बारा: जेवढं चढायचं त्याच्या बारापट लांबी. म्हणजे नऊ मीटर हवे. पण पाच मीटरवर हातपंप होता. तो हलवायचा म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव, पत्रव्यवहार, महिना दीड महिना. मी रॅम्प पाच मीटरांत बसवला. निळी पाटी लावली, फोटो काढला, ‘काम पूर्ण’वर सही ठोकली. पाहणी छान झाली.

चार दिवसांनी तीनचाकी सायकलवाले एक बाबाजी आले. हातांनी पॅडल मारत अर्ध्यापर्यंत चढले आणि सायकल मागे यायला लागली. चहावाल्या पोराने धावत जाऊन धरली म्हणून वाचले. मी तिथेच उभा. बाबाजी माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, पोराईसाठी घसरगुंडी मस्त केली जी.” सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. रॅम्प तसाच राहिला, आणि दरवर्षीच्या तक्त्यात ‘रॅम्प: आहे’ असाच मोजला गेला.

म्हणून तुझ्या अर्जासोबतच्या सोयींच्या यादीतला ‘आहे / नाही’ हा रकाना खोडून टाक. तिथे मापं लिही. आणि मापं एकटीने घेऊ नकोस. व्हीलचेअर भाड्याने आणून तासभर तिच्यात बसायचं आणि फोटो काढायचे, हेही नको. ज्यांना रोज सोसावं लागतं त्यांना सोबत ने, आणि ते चालतील तशी तू मागे चाल. रस्त्यापासून डब्यातल्या बाकापर्यंत. मधे एक जागा अडली तर बाकी सगळा खर्च पाण्यात. वाट एखाद्या दोरासारखी असते, कुठेही तुटली तरी विहिरीतून पाणी येत नाही.

वाट अडते कुठे ते सांगतो. दारात गिट्टी पसरलेली असते, तिच्यात पुढचं लहान चाक रुततं. फलाटावर मोटारसायकली चढू नयेत म्हणून रुळाचे तुकडे उभे गाडतात, ते मोटारसायकलवाले कुठून तरी जातातच, अडते ती व्हीलचेअर. तिकीट खिडकी छातीच्या उंचीवर, म्हणजे बसलेल्या माणसाला आतल्या बाबूचा आवाज तेवढा ऐकू येतो. दिव्यांगांच्या शौचालयाला कुलूप, आत फिनेलचे डबे आणि झाडू. किल्ली मागून बघ, किती वेळात मिळते ते घड्याळ लावून लिही. तुझ्या अर्जातलं ते सगळ्यात बोलकं वाक्य ठरेल.

तुमच्या गावात ते पेटीवाले आहेत ना, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत वडशाच्या नाटक कंपन्यांसोबत फिरतात, डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना न्यायला विसरू नकोस. पिवळ्या फरशा आपल्याला नुसत्या पिवळ्या दिसतात. त्यांत दोन जाती असतात. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे धोका किंवा वळण’. ठेकेदाराच्या माणसाला हे कोणी सांगत नाही, तो ढिगातून येईल ती बसवतो. पट्ट्या नेमक्या खांबावर जाऊन संपलेल्या मी पाहिल्या आहेत. फलाटाच्या कडेजवळ ठिपक्यांऐवजी पट्ट्या बसल्या तर काय होईल, ते पेटीवाले तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, कोणी घरोघर शोधावं लागणार नाही, आपल्या झाडीपट्टीत ते दर गावात आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जी २१ दिव्यांगत्वं मोजली त्यांत सिकलसेल आहे, कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. सिकलसेलची पोरगी तुझ्यामाझ्यासारखी धडधाकट दिसते. पुलाच्या चाळीस पायऱ्या चढताना तिचे सांधे काय बोलतात ते तिलाच माहीत. तिला रॅम्पइतकीच बाकाची आणि पाण्याची गरज असते, आणि लिफ्टमध्ये शिरली तर ‘तुला काय झालं?’ असं न विचारणाऱ्या माणसाची. कानांनी ऐकू न येणाऱ्याचं दुखणं वेगळं. गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर घेतली की भोंग्यावर सांगतात. त्याला ते कळतं लोक पळायला लागले की.

डब्याचं गणित मात्र नीट समजून घे, कारण रॅम्प झाला की सगळे हात झटकतात. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटीमीटर असतो. डब्याची फरशी त्याच रुळापासून साधारण १३० सेंटीमीटर. म्हणजे चांगल्यात चांगल्या फलाटावरूनही दीड फूट चढायचं उरतं. मध्यम फलाट ४५ सेंटीमीटरचा, आणि काही ठिकाणी फलाट रुळाच्याच पातळीला, तिथे तर चार फूट. (छोटी लाईन होती तेव्हा डबा बुटका असायचा, माझी आजी काठी टेकत चढायची. मोठी लाईन आली, गाड्या वाढल्या, आणि आजीला उचलून चढवावं लागायला लागलं. जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही, ती गाडी बैलगाडीशी शर्यत हरायची.) तेव्हा घडीचा, हलवता येणारा रॅम्प माग, जो स्टेशनात ठेवता येतो आणि डब्याच्या दाराला लावता येतो.

दिव्यांगांचा डबा म्हणजे ज्याला एसएलआरडी म्हणतात, तो बहुतेक गाडीच्या टोकाला, गार्डाच्या डब्याला लागून. दार रुंद, आतलं शौचालय मोठं, सगळं ठीक. पण लांब गाडी लहान फलाटावर थांबते तेव्हा टोकाचे डबे फलाटाबाहेर, गिट्टीवर उभे राहतात. ज्याला सर्वांत जास्त फलाट हवा, त्याच्याच वाट्याला फलाट नाही. गाडी थांबणार दोन मिनिटं. एक दिवस प्रत्येक गाडीचा तो डबा कुठे थांबतो तिथे खडूने खूण कर. एवढं कोणी केलेलं नसतं.

आता हे सगळं एका अर्जात कोंबू नकोस. रेल्वे बाहेरून एक दिसते, आत टेबलं वेगवेगळी. रॅम्प, फरशी, शौचालय, खांब इंजिनीअरिंगकडे. व्हीलचेअर, तिकीट खिडकी, मदतीचा माणूस कमर्शियलकडे. लिफ्ट आणि दिवे इलेक्ट्रिकलकडे. गाडी कोणत्या फलाटावर घ्यायची आणि किती थांबवायची ते ऑपरेटिंगकडे. चारांसाठी चार कागद, प्रत्येकात एक किंवा दोन मागण्या, मापासकट, फोटोसकट. वरच्या पत्रात ‘इतर तीन अर्ज अमुक शाखेला दिले आहेत’ असं लिही, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही.

यातला ऑपरेटिंगचा कागद आधी पाठव. त्यात सिमेंट लागत नाही. तुमच्याकडे थांबणाऱ्या दिवसाच्या पॅसेंजर शक्यतो फलाट एकवर, म्हणजे स्टेशनच्या इमारतीला लागून घ्याव्यात, एवढंच माग. सिंगल लाईनवर क्रॉसिंग असतं, म्हणजे समोरून दुसरी गाडी येते, तेव्हा जमणार नाही, तेही आपणहून लिही. अडचण माहीत असलेल्या माणसाला साहेब लोक टोलवत नाहीत. आज पूल चढता येत नाही म्हणून तुमचे लोक फलाटाच्या टोकाकडून रूळ ओलांडतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरी वाट ठेवायची नाही आणि ओलांडलं तर गुन्हा, हे तुझ्या अर्जात एका ओळीत येऊ दे. आवाज चढवू नकोस, ओळ पुरेशी आहे.

आणि आता घाई कशाची, ते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरण मंजूर केलं, २४० किलोमीटर. गावात पेढे वाटले असतील, वाटायलाच हवेत. पण दुसरी लाईन आली की जाणारी गाडी एका फलाटावर आणि येणारी दुसऱ्या. आज जो माणूस नशिबाने पुलाशिवाय गाडी गाठतो, त्याला उद्या पूल चुकणार नाही. विजेच्या तारांवरून जाणारा पूल फलाटापासून सहा मीटर उंच धर, एकास बाराने ७२ मीटरचा रॅम्प झाला, मधले सपाट विसावे वेगळे. त्याला जागा लागते, आणि जागा नकाशावरच ठेवावी लागते. नंतर रॅम्प मागशील तर तिथे सायकल स्टँड झालेला असेल. माझ्या हातपंपासारखा. लिफ्ट म्हणतील तर हो म्हण, पण लाईट गेल्यावर काय आणि चालवणारा कोण, हे लेखी घे. भुयारी रस्ता म्हणतील तर आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट त्यांना आठवून दे.

म्हणून दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाक. ‘दुहेरीकरणात आमच्या स्टेशनचा मंजूर किंवा प्रस्तावित नकाशा, पूल, रॅम्प व लिफ्टच्या तपशिलासह’ एवढंच माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशा अजून झालाच नाही असं आलं तर नाराज होऊ नकोस, ते सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

कायदा शेवटच्या परिच्छेदात घाल. पहिल्यात घातला की वाचणारा कागद थेट विधी शाखेकडे सरकवतो आणि बांधकामवाल्याला तो दिसतही नाही. दोन गोष्टी पुरेत. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. दुसरं, राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा. उत्तर आलंच नाही तर दिल्लीला दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. रेल्वे केंद्राची, म्हणून पुण्याच्या राज्य आयुक्तांकडे जाऊ नकोस. पण ते पुढचं.

रेल रोकोचं तू विचारलंस. करू नकोस. गाडी अडली की तुझ्या चार कागदांवर कोणी बोलत नाही, सगळे गाडीवर बोलतात. पुढाऱ्याने व्हीलचेअर भेट द्यायची म्हटली तर घे, फोटोही काढू दे, फक्त पावती स्टेशनमास्तरच्या नावाने कर आणि ती कुठे ठेवणार ते रजिस्टरात लिहून घे. नाहीतर ती त्या कुलूपबंद शौचालयात फिनेलच्या डब्यांशेजारी सापडेल.

‘आमच्या स्टेशनवर दिव्यांग येतातच किती?’ असं तुला विचारतील. मीही विचारायचो. स्टेशनचा दर्जा प्रवाशांच्या संख्येवर आणि उत्पन्नावर ठरतो, सोयी दर्जावर. चढता येत नाही म्हणून लोक येत नाहीत, येत नाहीत म्हणून सोय नाही. तेव्हा स्टेशनात येणाऱ्यांची मोजणी करू नकोस. आजूबाजूच्या गावांत आशाताईंना सोबत घे आणि विचार: गेल्या वर्षी दवाखान्याला, पेन्शनला, लग्नाला जायचं होतं आणि गाडीने जाता आलं नाही, असे कोण? ती नावं वही भरून निघतील.

दिवाळीनंतर, धान कापून झालं की मी येतो. ३० मीटरची टेप माझ्याकडे आहे, खडू आणि वही तू आण. पेटीवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव, ते सकाळी रियाजाला बसतात. माझाही उजवा गुडघा आता पायऱ्यांना नाही म्हणतो, त्यामुळे मी टोकाच्या त्या रुंद दाराच्या डब्यात असेन. तू फलाटाच्या शेवटाला उभी राहा. मी गिट्टीवर उतरतो की फलाटावर, ती आपली पहिली नोंद.

तुझा,
काका