पपईची रोपं: डीएनए चाचणी करावी की खड्ड्यात तीन लावावीत?

तुम्ही गोव्यात वाळपईला कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेने शंभरेक पपया लावणार, बी घरच्याच रेड लेडी जातीच्या फळाचं, आणि रोपं पिशवीत असतानाच चाचणी करून नर काढून टाकायचे म्हणता. पण रेड लेडीत नर नसतातच, मादी आणि उभयलिंगी एवढीच झाडं असतात. बी धरलेलं फळ लांबट, म्हणजे उभयलिंगी झाडाचं असेल आणि फुलावर परागही तशाच झाडाचे पडले असतील, तर रोपं दोनास एक निघतात: दोन वाटे उभयलिंगी, एक वाटा मादी. दोन्हीकडून वाय गुणसूत्र (नर आणि उभयलिंगीत असतं, मादीत नसतं) आलेला गर्भ जगत नाही, म्हणून हे प्रमाण. गोल फळ म्हणजे मादी, तिथे निम्मं-निम्मं. शेजारच्या परसात नर पपई असेल तर मात्र तिन्ही प्रकार निघू शकतात.

आता चाचणी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००० साली रोपांसाठीची पीसीआर चाचणी (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून पाहण्याची) प्रसिद्ध केली. २००२ मध्ये हवाईहून टी१२ आणि डब्ल्यू११ हे मार्कर, म्हणजे लिंग ओळखायच्या डीएनएतल्या खुणा, आले. या दोघांचा पट्टा (चाचणीत उमटणारी रेघ) नर आणि उभयलिंगी दोघांतही दिसतो, कारण दोघांच्या वाय गुणसूत्राचा तो भाग जवळपास सारखाच. म्हणजे शेजारच्या नराची भेसळ झाली असेल, तर नेमकी ती यातून कळणार नाही.

दुसरी गोम अशी की पट्टा नाही म्हणजे मादी. पण पानाचा तुकडा खराब असला, डीएनए नीट निघाला नाही, तरीही पट्टा येत नाहीच! म्हणून प्रत्येक रोपात यायलाच हवा असा टी१ या तिसऱ्या मार्करचा पट्टा सोबत तपासतात. लॅबवाल्याला तो दाखवायला सांगा. तोही नसेल तर ते रोप मादी नव्हे, नापास नमुना.

तुमच्यासाठी माझं मत: पैसे घालू नका. बी फुकटचं आहे, खड्ड्यात तीन रोपं वीतभर अंतरावर लावा. दोनास एक धरलं तर तिन्ही मादी निघण्याची शक्यता २७ त १, म्हणजे शंभर खड्ड्यांत चारेक. चार-पाच महिन्यांत कळ्या येतात. मादीची कळी बुडाशी फुगीर, पाकळ्या तळापर्यंत सुट्या. उभयलिंगीची सडपातळ, पाकळ्या खाली नळीसारख्या जुळलेल्या. नराचे लांब देठावर लोंबते घोस. लांबट, जाड गराच्या फळालाच गिऱ्हाईक जास्त, तेव्हा उभयलिंगी ठेवा आणि बाकीची जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात, आणि आपल्या पावसात पपईचं खोड बुडाशी कुजायला तेवढं निमित्त पुरतं. (मुळावरून नर-मादी ओळखण्याचे नुस्खे सोडून द्या.)

नर्सरीवाल्याचा हिशेब वेगळा. विकतचं महागडं बी, गिऱ्हाइकाला खड्ड्याला एकच खात्रीचं रोप द्यायचं. तिथे चाचणीचा खर्च रोपाच्या किमतीत बसवता येतो. मात्र नमुना घेताना प्रत्येक रोपागणिक कापायच्या ब्लेडचं पातं पुसा आणि नंबर पिशवीवर पेनने लिहू नका, पत्र्याची चकती बांधा. लॅबचा निकाल येईपर्यंत पावसाने शाई धुतली, तर कुठला निकाल कुठल्या रोपाचा हे कोण सांगणार?