आई-वडील कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत, मी पुण्यात. पंचगंगेला पूर आला तर त्यांना आणायला कधी निघावं?

गावात पाणी शिरल्याची बातमी आल्यावर निघायचं ठरवलं असेल, तर ते आधी बदला. नदीकाठच्या गावांत घराआधी रस्ता जातो, आणि माणसं अडकतात ती त्या मधल्या वेळात.

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघत राहा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी चढताना सगळ्यात आधी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बुडतात. पावसाळ्यात त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, पाणी वरून जाणं अपेक्षितच असतं. पण गावकरी वर्षभर त्यांचाच पूल म्हणून वापर करतात. दूध, शाळा, दवाखाना सगळं त्यावरून. बंधारा बुडाला की समोर दिसणाऱ्या गावालाही मोठा वळसा घालावा लागतो. त्यानंतर सखल रस्ते जातात: गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ, रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ. एसटी अर्ध्या वाटेवरून परत फिरायला लागली की उशीर झाला असं समजा. शेवटी पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी बंद होतो. 2019 आणि 2021 मध्ये तो बंद पडला, तेव्हा पुण्याकडून कोल्हापुरात शिरताच येत नव्हतं. शहरात दूध-भाजी येणं थांबलं आणि पंपावरचं इंधन अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं.

कोल्हापुरात ऊन पडलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पाणी येतं ते राधानगरी-गगनबावड्याच्या पावसाचं. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. शिवाय खाली नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि पूर इंचाइंचाने उतरतो. म्हणून पातळी 39 च्या जवळ असताना दरवाजे उघडल्याचं कळलं, तर त्याच दिवशी, उजेड असतानाच आई-वडिलांना हलवा.

म्हातारी माणसं बहुतेकदा अडून बसतात ती जनावरांपायी. म्हशी कुठे बांधायच्या आणि वैरण कोण घालणार, हे जूनमध्येच ठरवून ठेवा. मग ते घर सोडायला तयार होतात. निदान पंधरा दिवसांची औषधं आणि कागदपत्रं सोबत घ्या. डायलिसिस चालू असेल किंवा घरात कोणाचे दिवस भरत आले असतील, तर इशारा पातळीचीही वाट बघू नका. मुक्काम दवाखान्याच्याच बाजूला हवा, मध्ये नदी नको.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. फूटभर पाण्यात छोटी कार तरंगू लागते, दोन फुटांत मोठीही वाहून जाते. पाण्याखाली साईडपट्टी खचली आहे का, हे वरून दिसत नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी तिथेच सोडून माघारी या.

पूर ओसरल्यावरही लगेच परत नेण्याची घाई नको. वरून शाबूत दिसणाऱ्या पुलाच्या पायाखालची माती गेलेली असू शकते, जोडरस्त्याचा भराव आतून पोकळ झालेला असू शकतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, तेव्हा अंधारात दोन एसटी गाड्या सरळ नदीत गेल्या. बांधकाम खात्याने पाहणी करून रस्ता खुला केल्यावरच दोघांना घरी न्या, आणि तेही दिवसाच.