प्रत्यर्पण, स्वाधीन की शरण?

बातम्यांचा अनुवाद करणाऱ्या गिरगावातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "'सर्बियाने मिलोशेविचचे हेगच्या न्यायाधिकरणाकडे प्रत्यार्पण केले' असं मी लिहिलं. संपादकांनी 'प्रत्यार्पण' खोडून 'स्वाधीन केले' असा बदल केला. अबू सालेमच्या वेळी तर सगळे प्रत्यार्पणच लिहीत होते. मग इथे काय बिघडलं?"

ताई, संपादकांचं बरोबर आहे. (मिलोशेविच म्हणजे युगोस्लाव्हियाचा माजी राष्ट्राध्यक्ष, युद्धगुन्ह्यांचा आरोपी.) आधी शुद्धलेखन उरकून घेऊ. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण; 'त्य'ला काना नाही. प्रत्यक्ष, प्रत्यंतर तसंच हे. 'प्रत्यारोप'मध्ये काना येतो, कारण मूळ शब्दच 'आरोप' आहे. तरी छापील मराठीत काना सर्रास दिसतो. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाने त्याला घरात घेतलं असावं, असा माझा आपला संशय.

आता अर्थ. प्रत्यर्पण दोन देशांमध्ये होतं. देणारा देश अटी घालू शकतो, साफ नाहीही म्हणू शकतो. पोर्तुगालने २००५ साली सालेमला दिलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही, या हमीवर. मुंबईच्या टाडा न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पण ती हमी पाळावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं.

हेगचं युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं न्यायाधिकरण हा काही देश नव्हे. सुरक्षा परिषदेने ते १९९३ मध्ये स्थापन केलं आणि त्याच्या संविधीच्या, म्हणजे मूळ कायद्याच्या, कलम २९ नुसार आरोपी ताब्यात देणं सगळ्या देशांवर बंधनकारक होतं. आमचा कायदा आड येतो, ही सबब त्याच्याच कार्यपद्धतीच्या नियम ५८ ने आधीच बाद केली होती.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर बेलग्रेडमध्ये काय झालं ते बघा. आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हाती देऊ नये, असं तेव्हाच्या युगोस्लाव्ह राज्यघटनेत होतं. न्यायाधिकरण हा 'दुसरा देश' नाही, म्हणजे ही मनाई इथे लागूच नाही, असा एका बाजूचा युक्तिवाद. हे मागच्या दाराने प्रत्यर्पणच आहे, असा दुसरीचा. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्ह संघराज्याचा एक घटक होता. संघराज्य सरकारने न्यायाधिकरणाशी सहकार्याचा वटहुकूम काढला. घटना न्यायालयाने २८ जून २००१ रोजी त्याला स्थगिती दिली. त्याच संध्याकाळी पंतप्रधान जिंजिच यांच्या सर्बियन सरकारने मिलोशेविचला हेलिकॉप्टरने बोस्नियातल्या तुझलाच्या अमेरिकी तळावर पोचवलं आणि तिथून विमानाने हेगला. संघराज्याचे राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सा यांनी आपल्याला पत्ताच नव्हता असं सांगितलं. संघराज्याच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. खरं तर त्याआधीच, १९९८ मध्ये, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीने कलम १०२ मध्ये 'प्रत्यर्पण' आणि 'स्वाधीन करणे' या दोन्ही संज्ञांच्या स्वतंत्र व्याख्याच देऊन टाकल्या होत्या.

म्हणून 'न्यायाधिकरणाच्या स्वाधीन केले' किंवा 'ताब्यात दिले' लिहा. 'हवाली केले'ही चालेल, मला तर तेच आवडतं, फक्त त्याला पोलीस चौकीचा वास आहे. 'सुपूर्द' मात्र किल्ल्या-कागदपत्रांसाठी ठेवा.

एक खड्डा आणखी आहे. इंग्रजी 'सरेंडर' दिसला की हात आपोआप 'शरण' लिहितो. शरण माणूस स्वतः जातो; स्वाधीन त्याला दुसरं कुणी करतं. सर्बियात २००५ मध्ये जनरल लाझारेविचसारखे काही आरोपी सरकारने मन वळवल्यावर 'स्वेच्छेने' हेगला गेले. तिथे 'शरण गेले' हेच बरोबर, कारण स्वेच्छेने हजर होणं शिक्षा ठरवताना आरोपीच्या बाजूने धरलं जाई. मिलोशेविच शरण गेला असं लिहिलंत तर बातमीच उलटी होईल.

'सहकार्य' शब्दाचंही तसंच. मेगाब्लॉकच्या दिवशी 'प्रवाशांनी सहकार्य करावे' म्हणतात, तेव्हा ती विनवणी असते. हेगच्या संदर्भात ते कर्तव्य होतं, आणि त्याचं मोजमाप व्हायचं. शब्द बदलू नका, पण क्रियापद कडक ठेवा: 'सहकार्य करणे बंधनकारक'. न्यायाधिकरणाला हवा असलेला क्रोएशियाचा जनरल गोतोविना सापडत नव्हता म्हणून क्रोएशियाची युरोपीय संघाशी मार्च २००५ मध्ये व्हायची सदस्यत्वाची बोलणी लांबली. न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्त्या (सरकारी वकिलासारख्या) कार्ला देल पॉन्ते यांनी 'पूर्ण सहकार्य' मिळत असल्याचं कळवल्यावर ती ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. गोतोविना डिसेंबरात सापडला, तोही स्पेनच्या तेनेरिफे बेटावर. क्रोएशियाचा माणूस, पकडला स्पेनने, धाडला हेगला: 'प्रत्यर्पणा'तल्या 'प्रति'ला, म्हणजे 'परत'ला, इथे जागाच उरत नाही.