बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र अ‍ॅरिस्टॉटलच्या मैत्रीच्या कोणत्या प्रकारात बसतात?

अ‍ॅरिस्टॉटल मैत्री तीन प्रकारची मानतो: उपयोगापुरती, मौजेपुरती आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. पहिल्या दोन इथे लागूच होत नाहीत. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं. अशा माणसाकडून मिळणार काय? तरी अलीफज, बिल्दद आणि सोफर आपापल्या गावाहून आले आणि 7 दिवस, 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते तेवढे दिवस ती तिसऱ्या प्रकारचीच मैत्री होती.

घात झाला तो तोंड उघडल्यावर. दुःख आलं म्हणजे पाप केलंच असणार, हा हिशेब त्यांना मित्रापेक्षा जवळचा वाटला. अलीफजचंच बघा. ईयोबाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो ईयोबाला म्हणतो, तू दुबळ्या हातांना बळ दिलंस. बाविसाव्यात तोच म्हणतो, तू विधवांना रिकाम्या हाती घालवून दिलंस! स्वतः पाहिलेला चांगुलपणा त्याने नाकारला, आणि या मैत्रीचा पायाच तो होता. ईयोब त्यांना उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्याची उपमा देतो. तरी शेवटी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो तो ईयोबच.